पक्षकार म्हणाला "मीच केलंय", मग वकील काय करतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत सांगतो. तुम्ही घरचे सगळे मिळून एक कोर्टाचा पिक्चर बघून आलात. त्यात मध्यंतराच्या आधीच पक्षकार वकिलाला सांगतो की खून मीच केलाय. वकील तरीही केस लढवतो, डोळ्यांनी बघणाऱ्या साक्षीदाराला पिंजऱ्यात रडवतो, पक्षकार सुटतो, आणि मग मन खातंय म्हणून हाच वकील रक्ताचा शर्ट गुपचूप पोलिसांकडे नेऊन देतो. त्या सीनला टाळ्या पडल्या. तुमची मुलगी बारावीत आहे, क्लॅट, म्हणजे कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा, द्यायची म्हणते, आणि बाहेर पडताना तिनं तुम्हाला विचारलं की आई, खरंच असं करावं लागतं का. तुमचा प्रश्न हा, की वकिलाला हे सगळं करायची परवानगी असते का आणि तुम्ही लोक झोपता कसे.

मी इंदौरच्या जिल्हा कोर्टात आणि इथल्या हायकोर्ट खंडपीठात 29 वर्षं फौजदारी वकिली करतोय, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. म्हणजे मी एका बाजूनं बघितलेलं सांगतोय हे धरून चाला, एखादे सरकारी वकील वेगळं सांगतील आणि तेही बरोबर असेल. आमच्याकडे अशिलाला पक्षकार म्हणतात, तारखेला पेशी आणि दोषारोपपत्राला चालान, तेच शब्द खाली येतील. आणखी एक. पक्षकारानं सांगितलेली गोष्ट केस संपल्यावरही गुपितच राहते, म्हणून पुढे माझ्या दोन केसेस सांगतोय त्यातलं ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पिक्चरमधलं थोडं बाजूला काढू. आपल्याकडे जज हातोडा आपटत नाहीत, गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत, शपथेचा कायदा 1969 चा आहे आणि त्यात ग्रंथाचं नावही नाही. ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, 1973 च्या फौजदारी संहितेत उरलीच नाही. त्यामुळे भाषण ठोकून बारा जणांना पाघळवण्याचा प्रश्नच येत नाही, समोर एक जज असतो ज्याच्या टेबलावर त्या दिवशीच्या फायलींचा ढीग आहे. आणि केस तीन तासांत संपत नाही, वर्षानुवर्षं पेश्या पडतात. मनावर जे काही ओझं येतं ते एका सीनमध्ये येत नाही, प्रत्येक पेशीला थोडं थोडं येतं.

आता मुद्दा. पिक्चरवाले समजतात की वकिलाचा नैतिक पेच म्हणजे "गुन्हेगाराला वाचवू का नको". खरं सांगू का, हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला आहे. बार कौन्सिलच्या 1975 च्या नियमांत सरळ लिहिलंय की आरोपीच्या दोषाबद्दल तुमचं स्वतःचं मत काहीही असो, त्याचा बचाव तुम्ही करायचा, कारण तुमची निष्ठा त्या कायद्याशी आहे जो म्हणतो की पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाच दोषी धरू नये. राज्यघटनेच्या 22 व्या कलमात आपल्या पसंतीचा वकील हा अटक झालेल्या माणसाचा हक्क आहे. गावोगावचे बार असोसिएशन ठराव करतात ना, की अमक्या आरोपीची केस कुणी घ्यायची नाही, तसले ठराव सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये बेकायदा ठरवले आणि वर हेही म्हटलं की असे ठराव वकिलीच्या परंपरेला शोभत नाहीत. तेव्हा घ्यावी का, याचं उत्तर आहे. कशी लढवावी, तिथे उत्तर सापडत नाही, आणि तुमच्या मुलीला नेमकं तिथेच कुठेतरी खटकलंय असं मला वाटतं, कारण तिनं "असं करावं लागतं का" म्हणून विचारलं. असं, म्हणजे त्या साक्षीदारासारखं.

हा पेच नवा नाही. 1840 मध्ये लंडनला लॉर्ड विल्यम रसेल नावाच्या म्हाताऱ्या उमरावाचा त्याच्या बिछान्यातच गळा चिरला गेला, आणि त्याचा स्विस नोकर कूर्वोआझिये याच्यावर खटला चालला. वकील होते चार्ल्स फिलिप्स. खटला अर्ध्यावर असताना चोरीची चांदीची भांडी सापडली आणि नोकरानं फिलिप्सला सांगून टाकलं की मीच केलंय, पण केस तुम्ही सोडू नका. फिलिप्स हादरला, सोडायलाच निघाला होता. मग तो तिथेच बसलेल्या बॅरन पार्क या जजकडे गेला, आणि त्यांनी सांगितलं की बचाव चालू ठेवणं तुझं कर्तव्य आहे, पुराव्यातून निघणारे सगळे रास्त मुद्दे मांड. नोकराला फाशी झालीच. पण लोक फिलिप्सवर चिडले ते केस लढवली म्हणून जेवढे, त्याहून जास्त या आरोपावरून की सत्य माहीत असताना त्यानं भाषणात पोलिसांवर आणि घरातल्या मोलकरणीवर संशय ढकलला. जवळपास दहा वर्षांनी, 1849 मध्ये, त्याला वर्तमानपत्रातून खुलासा करावा लागला. एका मोलकरणीमुळे. हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

आता सेशन ट्रायलमध्ये प्रत्यक्षात काय होतं ते. बरेच वकील पक्षकाराला "तू केलंस का" असं विचारतच नाहीत. माझे सीनिअर विचारत नसत, ते म्हणायचे चालान वाच, सरकारनं काय सिद्ध करायचंय ते बघ, बाकी तुझं काम नाही. मी थोडा वेगळा वागतो, जेलच्या पहिल्या मुलाखतीतच सांगतो की मला खोटं सांगू नकोस, सांगायचं नसेल तर गप्प बस. त्यामुळे कधीकधी ऐकायला मिळतं ते. ऐकल्यावर माझे काही दरवाजे बंद होतात. हा त्या दिवशी उज्जैनला मामाकडे होता म्हणून मामाला साक्षीला उभं करणं बंद. खून दुसऱ्या कुणीतरी, अमक्यानं केला, असं सुचवणं बंद. "माझा पक्षकार निर्दोष आहे" हे वाक्य माझ्या तोंडून बंद. उरतं काय? खूप उरतं. एफआयआरला एवढा उशीर का, जप्तीचे दोन्ही पंच ठाण्याच्या टीआयच्या, म्हणजे ठाणेदाराच्या, ओळखीचेच कसे, लॅबला पाठवलेल्या पुडक्याचं सील आणि जप्तीपत्रावरचं सील जुळतं का, ओळखपरेड झाली का. हे विचारणं म्हणजे खोटं बोलणं नाही. मी जजला एवढंच म्हणतोय की सरकारनं हे सिद्ध केलेलं नाही.

परदेशी पिक्चरांवरून आपल्याकडे उचलतात म्हणून एक फरक सांगतो. तिकडे मोठा पेच असतो तो पक्षकारानं शपथेवर खोटं बोलण्याचा. आपल्याकडे आरोपीला शेवटी जज प्रश्न विचारतात, पूर्वीच्या फौजदारी संहितेचं कलम 313 आणि आता नव्या संहितेचं 351, ते शपथेवर नसतं आणि खोट्या उत्तराबद्दल शिक्षाही नाही. बहुतेक आरोपी प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" किंवा "खोटं आहे" म्हणतात. स्वतः साक्षीदार म्हणून उभं राहायचा हक्क त्याला आहे पण क्वचितच कुणी वापरतो. म्हणून आपल्या वकिलाची परीक्षा आरोपीच्या पिंजऱ्यात होत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते.

माझी झालेली सांगतो. मी स्वतःची प्रॅक्टिस सुरू करून तीनेक वर्षं झाली होती. मिल भागातली मारामारी, चाकू चालला, जखमी माणूस वाचला, कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न. पक्षकार विशीतला, आणि जेलच्या जाळीतून त्यानं मला सांगितलं होतं की हो, मारला. बघणारी साक्षीदार एकच, भाजीचा ठेला लावणारी एक बाई. रात्री साडेनऊची वेळ, अंतर वीस-पंचवीस पावलं. ती खरं बोलतेय हे कोर्टात तिच्याखालोखाल मलाच माहीत होतं. उलटतपासणीला उठलो. पहिले प्रश्न उजेडाचे. पोलिसांच्या मौका-नकाशात, म्हणजे घटनास्थळाच्या नकाशात, दिव्याचा खांब दाखवलेलाच नव्हता. ती म्हणाली दिवा होता, मी विचारलं नकाशात कुठंय, तिला नकाशा कुठला कळायला. पण हा प्रश्न रास्त होता आणि आजही उभा राहिलो तर विचारेन, कारण अंधारात ओळखलं म्हणणारे साक्षीदार चुकतात आणि उजेड दाखवायची जबाबदारी पोलिसांची.

मग मी खिशातली चिठ्ठी काढली. पक्षकाराच्या मोठ्या भावानं सकाळी दिलेली, त्यात लिहिलेलं की या बाईला नवऱ्यानं टाकलंय, हिचं चालचलन ठीक नाही, तिच्यावर या मुलानं एकदा आवाज उठवला होता म्हणून डूख धरून नाव घेतेय. मी त्या चिठ्ठीची काही शहानिशा केली नव्हती, पेशीच्या गडबडीत वाचली आणि खिशात ठेवली. मी विचारलं, "तुमचा नवरा तुमच्याजवळ का राहत नाही?" ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, पदर डोक्यावर. माझ्याकडे बघून म्हणाली, "वो तो मर गए साब, तीन साल हुए." आवाजात राग नव्हता, मला माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखं. जजसाहेबांनी प्रश्न नाकारला आणि स्टेनोला पुढे चला म्हणाले. चिठ्ठीवरचे आणखी तीन प्रश्न होते ते मी विचारले नाहीत, पण एक विचारला गेला होता. नंतर ती बाबूच्या टेबलापाशी बराच वेळ उभी दिसली, साक्षीदाराचा येण्याजाण्याचा भत्ता मिळतो त्याच्या कागदावर सही करायला, हातात कापडी पिशवी.

पक्षकाराला शिक्षा झाली. जजनी बाईवर विश्वास ठेवला, उजेडाचा माझा मुद्दा निकालात एका परिच्छेदात घेऊन समोरच्या दुकानाच्या बल्बवरून निकाली काढला. म्हणजे तो प्रश्न विचारून मी माझ्या माणसाचंही काही भलं केलं नाही. आणि कायदा काही माझ्या बाजूनं नव्हता. 1872 च्या पुरावा कायद्यातच होतं की साक्षीदाराच्या चारित्र्यावर घाव घालणारा प्रश्न सबळ आधार असल्याशिवाय विचारायचा नाही, नुसता अपमान करणारा प्रश्न कोर्टानं थांबवायचा, आणि 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. मला ते पाठ होतं. तरी विचारला, कारण मागे पक्षकाराचं सगळं घर बसलं होतं आणि त्यांना वकील काहीतरी करतोय असं दिसायला हवं होतं. तेव्हापासून घरच्यांची चिठ्ठी मी पेशीच्या आदल्या दिवसापर्यंतच घेतो, आणि त्यातल्या गोष्टीला कागद नसेल तर तो प्रश्न विचारत नाही. यामुळे केसेस गेल्यात माझ्याकडून, लोक म्हणतात वकील नरम आहे. जाऊ देत. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराची नजर, अंतर, स्मरण तपासायचा मला हक्क आहे, तिचं आयुष्य चव्हाट्यावर मांडायचा नाही.

तुम्ही विचाराल की मग केस सोडून का देत नाही. परिस्थितीवर आहे. चालानसुद्धा आलेलं नसेल तर सोडता येतं, उरलेली फी परत करा, दुसऱ्या वकिलाला एनओसी द्या, कुणाचं काही बिघडत नाही. अर्ध्या साक्षी झाल्यावर मात्र सबळ कारण आणि पुरेशी नोटीस लागते, आणि अचानक वकील उठून गेला की जजला काय समजायचं ते समजतं, म्हणजे न बोलता पक्षकाराला फसवल्यासारखंच झालं. शिवाय दुसऱ्या वकिलाला तो काही सांगणारच नाही, एवढं शिकलेला असतो. गांधीजींनी जोहान्सबर्गला एका केसमध्ये पक्षकार आपल्याशी खोटं बोललाय हे लक्षात आल्यावर मॅजिस्ट्रेटला स्वतःच सांगितलं होतं की आमची केस फेटाळा. लोक मला हे उदाहरण देतात. पण ज्याच्यावर सरकारनंच खटला भरलाय त्याच्या वकिलाला असं म्हणता येत नाही, त्याचा अर्थ होईल की याला शिक्षा द्या. मी मधूनच सोडतो ते एकाच कारणानं, पक्षकार किंवा घरचे माझ्या मागून साक्षीदार फोडायला लागले तर. पैसे देऊन साक्षीदार पक्षद्रोही करतात हे दुर्दैवानं होतं, आणि ते कळूनही मी उभा राहिलो तर मग मीही त्यातलाच.

थोडक्यात आतापर्यंत: गुन्हा कबूल केलेल्याचा बचाव करता येतो, पुरावा तपासता येतो, खोटा पुरावा आणता येत नाही, दुसऱ्यावर ढकलता येत नाही, साक्षीदाराला चिरडता येत नाही.

आणि आता तो रक्ताचा शर्ट, ज्याला टाळ्या पडल्या. ताई, माझ्या मते त्या वकिलानं अख्ख्या पिक्चरमध्ये केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती आहे. पहिलं म्हणजे शर्ट त्याच्या कपाटात आलाच कसा, पक्षकार असली वस्तू ठेवायला घेऊन आला तर हात लावायचा नसतो, ठेवून घेणं म्हणजे पुरावा लपवणं आणि तो गुन्हा आहे. दुसरं, सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला परत चालत नाही, सरकार फार तर हायकोर्टात अपील करेल. तिसरं आणि मुख्य, पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं 126, आता साक्ष्य अधिनियमाचं 132. अपवाद आहेत. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सांगितलेलं गुपित नाही, त्या साक्षीदाराला संपवतो असं कुणी मला म्हणाला तर मी गप्प बसणार नाही. पण झालेल्या गोष्टीची कबुली, ती माझ्याबरोबर जाळली जाईल.

याचं कारण मला पुस्तकापेक्षा एका बापानं जास्त नीट शिकवलं. खुनाची केस, पन्नाशीचा माणूस, पहिल्याच भेटीत म्हणाला मीच मारला, लोखंडी रॉडनं. पोलिसांनी रॉडच जप्त केलेला. मी पोस्टमॉर्टेम रिपोर्ट वाचला तर जखमा धारदार शस्त्राच्या. परत विचारलं, तर म्हणाला रॉडला टोक होतं. रॉडला टोक नव्हतं. तिसऱ्या भेटीत जाळीला कपाळ टेकून रडला आणि म्हणाला की पोराचं लग्न ठरलंय साहेब, आता विचारू नका, आणि कुणाला बोलू नका. म्हणजे माझ्यापाशी आता खरं काय ते होतं, पक्षकार निर्दोष होता, आणि ते वापरायची त्यानंच मला बंदी केली होती. मुलगा प्रत्येक पेशीला बापासाठी डबा घेऊन येई आणि माझ्या पाया पडे. मेलेल्या माणसाची बायको मागच्या बाकावर बसे, दोन्ही पोरं घेऊन.

मी एकच केलं. डॉक्टरांच्या साक्षीत रॉड त्यांच्या हातात देऊन विचारलं की या जखमा याने होऊ शकतात का. ते म्हणाले नाही. त्यावर आणि जप्तीच्या घोळावर बाप संशयाचा फायदा मिळून सुटला. मुलाचं नाव मी कधी घेतलं नाही. मागच्या बाकावरच्या त्या बाईला न्याय मिळाला का, तर नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं, तिचं काही चुकलं नव्हतं. पण विचार करा, त्या पिक्चरमधल्या वकिलासारखा मी पहिल्याच भेटीनंतर "यानं कबूल केलंय" म्हणून पोलिसांकडे धावलो असतो तर? माझ्याकडे पक्षकाराच्या तोंडची कबुली होती आणि ती खोटी होती. वकील जेव्हा मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो तेव्हा तो असा चुकतो, आणि त्याची चूक तपासायला वर अपील नसतं.

झोप येते का, असं विचारलंत. येते बहुतेक वेळा. ज्या दिवशी मी मर्यादेत राहून हरलो त्या दिवशीही येते. त्या भाजीवाल्या बाईच्या दिवशी आली नव्हती.

मुलीला या क्षेत्रात येऊ द्यावं का, ते तिच्यावर आणि तुमच्यावर आहे, पैसा पहिली काही वर्षं फार कमी, आणि फौजदारीत ओळखी नसतील तर आणखीच कमी, तेव्हा घरचा आधार किती हे बघून ठरवा. पण क्लॅटच्या क्लासला हजारो रुपये भरण्याआधी एक करा, फुकट आहे. कोर्ट उघडं असतं, अत्याचाराच्या किंवा लहान मुलांच्या केसेस सोडल्या तर कुणीही आत जाऊन बसू शकतो. तुमच्या वडोदऱ्याच्या जिल्हा कोर्टात तिला चार-पाच दिवस सेशन कोर्टात बसवा. जिथे साक्षी चालू आहेत अशी खोली बाहेरच्या शिपायाला विचारून शोधा. सुरुवातीला तिला काही ऐकू येणार नाही, सगळे हळू बोलतात, दुसऱ्या दिवसापासून कान बसतो. तिला सांगा वकिलाकडे कमी बघ, साक्षीदाराकडे जास्त बघ, प्रश्न कुठल्या कागदावरून आला आणि कुठला नुसता हवेतून आला ते तिला आपोआप कळायला लागेल. सकाळी अकराच्या आधी पोचा, मोबाइल बंद ठेवा, आणि मागच्या बाकावर बसा.